अनसामायची जवारी

मेहकरहून सुलतानपूर म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. सकाळच्या एसटीनं निघालं की ऊन तापायच्या आत माणूस पोचतो. हे त्या गाडीनं किती वेळा गेले असतील याची गणती नाही, आणि मी मात्र सतरा वर्षांच्या संसारात एकदाही नाही. परवा पहिल्यांदा गेले, ती एकटी. खिडकीशी बसले. बाहेर नांगरून पडलेली काळी वावरं, बांधावरची बोर, मधूनच एखादा पळस. कंडक्टरनं तिकीट फाडताना माझ्याकडे नीट पाहिलं आणि मी गुरुजींच्या घरची का, असं विचारलं. मी मान हलवली. तो म्हणाला, गुरुजी नेहमी याच बाजूला बसत, वावरं पाहायला. मग मीही सगळा रस्ता वावरं पाहत गेले, पण मला त्यात काही दिसेना.

मांडीवर पिशवी होती आणि तिच्यात साखर-फुटाण्याची पुडी, दुसरं काही नाही. असायला हवी होती ज्वारी. अनसामायनं तीच मागितली होती. अनसामाय म्हणजे सुलतानपूरची एक म्हातारी शेतकरीण, यांना बी देणाऱ्या शंभर घरांपैकी एका घरची, पण यांच्या लेखी सगळ्यांत वरची. तिचा निरोप मोठा समजूतदार होता. गुरुजींचं वर्षश्राद्ध होईपर्यंत आम्ही तोंड उघडलं नाही, दुःखाच्या घरी मागायला जाऊ नये. आता मृग जवळ आलाय, तर आमच्या ज्वारीचं पायलीभर बी द्यावं, आमच्याकडचं संपलं. निरोप्यानं दारातच सांगितलं आणि पाणी पिऊन तो गेला. उत्तर माझ्याजवळ तयार होतं, वर्षभर मी ते ज्याला-त्याला देत आले होते: उंदरांनी खाल्ली. शाळेतल्या मास्तरांना हेच सांगितलं, यांच्या भावाला हेच सांगितलं. पण अनसामायला ते परक्याच्या तोंडी सांगणं मला जमलं नाही, म्हणून निघाले. जाऊन खोटं बोलायचं की खरं, ते मात्र ठरवलं नव्हतं.

हे मेहकरात शाळामास्तर होते. शाळेकडे यांचं लक्ष नव्हतं असं मी म्हणणार नाही, पोरं यांच्यावर जीव टाकत. पण शनिवारची शाळा सुटली की यांचे पाय घरी ठरत नसत. खांद्याला पडशी, सायकल एसटीच्या टपावर, आणि निघाले. महाराष्ट्र नवाच झाला होता, आमच्याकडची म्हातारी माणसं अजून वऱ्हाडच म्हणत होती, आणि वावरावावरांतून हायब्रीड ज्वारी यायला लागली होती. खुजं ताट, भरघोस कणीस. लोक खूश होते, आणि का नसावेत, कणग्या भरत होत्या. हेही तिला कधी वाईट म्हणाले नाहीत. एवढंच म्हणत, की नवी सून आली म्हणून सासूला घराबाहेर काढायचं नसतं. त्या घराबाहेर निघालेल्या सासवा शोधत हे हिंडत. मोताळ्याच्या बाजारात एखादी म्हातारी बोलता बोलता म्हणाली की तिच्या माहेरी पांढरी तूर असायची, की निघाले हे पांढऱ्या तुरीच्या मागं. मेळघाटात गेले, अजिंठ्याच्या डोंगरात गेले, खानदेशात गेले, एकदा तर उन्हाळ्याची सगळी सुट्टी गोदावरीच्या काठानं घालवून आले आणि येताना पडशीत सात तऱ्हेचे वाल. कोणी पाठवत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. गावात यांना बीवाले गुर्जी म्हणत. माघारी आणखीही काहीबाही म्हणत असतील.

त्या बियांच्या थैल्या मी शिवायची, माझ्याच विटलेल्या लुगड्यांच्या. हे आत नाव-गाव लिहून चिठ्ठी टाकत, पण मला चिठ्ठी लागत नसे. हिरव्या काठाच्या थैलीत मेळघाटची कुटकी, जांभळ्या चोळीच्या तुकड्यात खानदेशची चवळी, असं माझं मला माहीत. माझं लुगडं मेळघाट पाहून आलं, मी नाही, असं एकदा फणकाऱ्यानं म्हटलं. हे हसले आणि पुढल्या सुट्टीत चल म्हणाले. मग लेकरं कोणी सांभाळायची, म्हैस कोणी दोहायची? नाही गेले. त्याच्या पुढल्याही सुट्टीत नाही गेले. शेजारीण म्हैस दोहून देते म्हणाली होती, तरी नाही गेले. आता वाटतं, काय बिघडलं असतं.

यांची एक रीत होती. बी मागायच्या आधी हे त्या घरची भाकरी मागत. आणि विचारायचं ते घरच्या बाईला, बाप्याला नाही. बाप्याला विचारलं तर तो सांगतो एकरी किती झाली. बाई सांगते की या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कशी लागते, बाळंतिणीला कोणती द्यायची, दात नसलेल्या म्हाताऱ्याला कोणती, भिजवलं तर किती फुगते. बाप्ये आधी नाराज व्हायचे. मास्तर आपल्याशी बोलायचं सोडून चुलीजवळ जाऊन बसतो म्हणजे काय? पण यांच्या तोंडाकडे पाहिलं की कोणाला राग धरता येत नसे. हे ओसरीवर पाय पसरून बसायचे आणि त्या बाईच्या माहेरापासून सुरुवात करायचे.

अनसामायच्या घरची गोष्ट तर हे इतक्या वेळा सांगत, की ती माझ्या डोळ्यांदेखत घडली असं मला वाटतं. तिच्या ज्वारीचं त्यांच्या घरात वेगळं नावच नव्हतं, ती नुसती 'आमची जवारी'. अनसामायनं ती लग्नात माहेराहून ओटीत आणली होती, तिच्या आईनं तिच्या माहेराहून. दाणा बाईच्या ओटीतून बाईच्या ओटीत जायचा, हातावर किंवा पिशवीत द्यायची रीत नव्हती. यांनी मूठभर मागितली. म्हातारा द्यायला तयार झाला, म्हातारी नाही. बाप्याची ओटी भरते का कोणी, म्हणाली. हे म्हणाले, माझी नका भरू, पण माझ्या घरी एक आहे. तेव्हा कुठे अनसामाय उठली. तिनं नवा खण आणला, त्यात दाणे बांधले, कुंकवाची पुडी ठेवली आणि बजावलं की गाठोडं वाटेत खाली टेकवायचं नाही आणि घरी गेल्या गेल्या तिची ओटी भरायची. गाडीत त्या दिवशी बसायला जागा नव्हती. हे गाठोडं छातीशी धरून उभ्यानं आले.

आणि आल्या आल्या यांनी खरंच माझी ओटी भरली. भर दुपारी, स्वयंपाकघरात, हात-पाय न धुता. नवऱ्यानं बायकोची ओटी भरलेली मी ना कधी पाहिली होती ना ऐकली होती. लेकरं तोंडावर हात ठेवून हसत होती, शेजारीण दारातून डोकावत होती. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. पण पदर पुढे केला. पाच वेळा ओंजळ भरून यांनी दाणे घातले, एकही खाली सांडू दिला नाही. मोत्यासारखा टपोरा पांढरा दाणा, किंचित चपटा, टोकाशी केसराचा एक ठिपका. पदर जड झाला ते अजून आठवतं.

पैनगंगेच्या काठी आमचं एक टिचभर वावर होतं, वाटणीत आलेलं. त्यात हे एकेका बियाच्या दोन-चार ओळी पेरत, बी जिवंत राहावं म्हणून. ज्वारी मोठी मिसळखोर. शेजारच्या वावरातली हवा लागली तरी तिचा वाण बदलतो, म्हणून कणीस फुलोऱ्यावर यायच्या आधी त्यावर कापडाची पिशवी बांधायची. त्याही मीच शिवायच्या, मलमलच्या. अनसामायची ज्वारी दोन पुरुष उंच व्हायची. हे मोडक्या स्टुलावर चढून ताट वाकवून एकेका कणसाला पिशवी बांधत आणि मी खालून स्टूल धरत असे. वाटेवरच्या बाया थांबून पाहत. गुर्जीच्या जवारीनं टोपडं घातलं, म्हणत. एकीनं तर मला बारसं कधी म्हणून विचारलं. ते वारं, ती पांढरी टोपडी, वर यांचे घामेजलेले हात. मला तेव्हा कमरेत उसण भरली होती आणि मी सारखी, उतरा आता, उतरा आता, म्हणत होते.

घरात मधल्या खोलीत उतरंड होती, भिंतीला लागून, एकावर एक मडकी छतापर्यंत. राख, कडुनिंबाचा सुका पाला आणि बी असे थर देऊन तोंडं शेणामातीनं लिंपलेली. त्या खोलीत पाऊल टाकलं की कडसर, कोरडा वास यायचा. यांच्या सदऱ्यालाही तोच वास असायचा. चैत्रात सगळी मडकी उतरवायची, राख चाळून काढायची, अंगणात जुनी धोतरं अंथरून त्यावर एकेक बी उन्हात घालायचं. मग सावलीत निववायचं, नवी राख मिसळायची, पुन्हा लिंपायचं. त्या दोन दिवसांत हे जेवायलाही आत येत नसत. चिमण्या हाकलत, दाणे परतत, कोणत्या घरचं कोणतं ते लेकरांना सांगत बसत. त्या-त्या घरच्या बायांचा आवाज काढून सांगत. लेकी हसून हसून लोळायच्या.

मळणी झाली की अनसामायच्या ज्वारीची एकच भाकरी व्हायची. एकच. वाण बदलला नाही ना, हे जिभेला विचारायला. आम्हा चौघांत तिचे चार तुकडे. कोरडीच खायची, वर काही घ्यायचं नाही, अशी यांची ताकीद. मी आणखी एक थापते म्हटलं की हे ताटावर हात ठेवत. "बी हाये ते," म्हणत. "बी खात नसतात."

मग दुष्काळाचं साल आलं. पैनगंगा वाळूची झाली. पेरलेलं उगवलंच नाही, यांची टोपडी पेटीत घडी घालून राहिली. बरं की हे सगळं बी कधी पेरत नसत, निम्मं घरात ठेवत. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळायची. तिच्या भाकरीला ओल्या गोणपाटाचा वास यायचा आणि ती तव्यावरच फुटायची. लेकी ताटाकडे पाहून उठायच्या. तरी हे हिंडतच होते. आता बी आणायला नाही, कोणाच्या घरात काय उरलंय ते पाहायला. फाल्गुनात सुलतानपूरला जाऊन आले. नेहमी आल्यावर पायरीवर बसून तासभर बोलणारा माणूस, त्या दिवशी पाणी प्यायला आणि उतरंडीपुढे जाऊन उभा राहिला. मग एवढंच म्हणाले, "अनसामायच्या जवारीले जप बरं औंदा. एक दाना भुंग्याले देऊ नोको." दरवर्षीचंच आहे, असं मला वाटलं. मी हो म्हणून चुलीकडे वळले.

चैत्रात मडकी मी एकटीनंच उतरवली, हे तापानं आत पडून होते. सगळ्यांत आधी अनसामायचं मडकं घेतलं. राख चाळून काढली, दाणा दोन दिवस उन्हात दिला, निववला, मडक्यात भरला. नवी राख चाळायला बसले आणि आतून थोरलीनं हाक मारली.

त्या हाकेनंतरचं मला लिहायचं नाही.

तेरवीला सासरची माणसं आली, माहेरची आली, यांच्या ओळखीची कुठकुठली गावं आली. त्यांच्यापुढे वाढायला घरात काय होतं? स्वयंपाकघर माझ्या जावेनं आणि नणंदेनं हातात घेतलं होतं. राखेतलं बी कोणत्याही शेतकऱ्याच्या बाईला कळतं, तिला मरण आलं तरी ती त्याला हात लावणार नाही. पण राखेवाचून उघडा ठेवलेला लख्ख दाणा म्हणजे खायचा दाणा. त्यांची काही चूक नव्हती. राख मी काढली होती आणि परत घातली नव्हती.

मी मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. जातं सुरू झालं आणि मला कळलं. मिलो दळताना खरखर आवाज यायचा, हा आवाज मऊ होता. पहिल्या दोन फेऱ्यांतच कळलं. उठायचं होतं आणि चार पावलं जायचं होतं, एवढंच. नुसती हाक मारली असती तरी जाऊ थांबली असती.

मी उठले नाही. का उठले नाही हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. मला यांचा राग आला होता. जगभरचं बी जपलं आणि स्वतःला जपलं नाही. मला एवढ्या मडक्यांत बसवून निघून गेले. सगळं संपू दे, असं वाटत होतं. आणि लेकींच्या गालांची हाडं वर आली होती, तेही खरं. मग भाकरीचा वास आला, तो घरभर झाला, अंगणात बसलेल्या माणसांपर्यंत गेला. धाकटीनं दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली. असल्या सालात असली भाकर, म्हणून लोक माझ्या घराला नावाजत होते. नणंदेनं माझ्यापुढे ताट आणलं, बारा दिवसांत तुमच्या पोटात काही नाही म्हणाली. मी पहिला घास घेतला. यांच्या भाषेत सांगायचं तर वाण बदलला नव्हता. मी ती सगळी भाकरी खाल्ली आणि आणखी अर्धी मागून घेतली. मडक्यात तरीही शेर-दोन शेर उरली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या दशम्या करून जावेनं लांबच्या पाहुण्यांना वाटेसाठी बांधून दिल्या. तेव्हाही मी बोलले नाही.

सुलतानपूरला गाडी थांबली तेव्हा घर विचारावं लागलं नाही. गुरुजींच्या घरच्या म्हटल्यावर एक बाई बोट धरल्यासारखी घेऊन गेली. अनसामाय अंगणात लिंबाच्या सावलीला बसली होती. म्हातारा मागेच गेला, हे मला ठाऊक होतं. तिला आता नीट दिसत नाही. तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, उघड्या कपाळावरून अंगठा फिरवला आणि मला जवळ बसवून घेतलं. सुनेनं गूळ-पाणी आणलं. सुनेच्या कडेवर तीनेक वर्षांची पोर होती, काळी, गुटगुटीत, माझ्या पिशवीकडे टक लावून पाहणारी. मी साखर-फुटाणे तिच्या हातावर ठेवले.

म्हातारीनं ज्वारीचं नाव काढलं नाही. ती यांच्याविषयीच बोलत राहिली. हे कुठे बसत, काय खात, सुनेला कशी लेकीसारखी हाक मारत. मला बरं वाटत होतं आणि पिशवी मी पायाखाली सरकवली होती. मग ती त्या फाल्गुनावर आली.

"ह्या पोरीनं डोये पांढरे केले होते, माय," ती म्हणाली. "घरात दाना नाई. बियाची कनगी होती, पन तिले हात कोन लावते? मी म्हतलं, मेलो तं मेलो, बी नाई खात. तेवढ्यात गुर्जी आले. त्यायनं पोरीले पाह्यलं आनि सोताच्या हातानं कनगी फोडली. मी आडवी झाली तं म्हने, माय, खाऊन घ्या. एक दाना ठेवू नोका. माह्या घरी हाये. तिच्याजोळ हाये, ते नाई जाऊ देनार."

सून चुलीकडे जाता जाता थांबली होती, माझ्या उत्तरासाठी. पोर फुटाणे चावत होती. हे मला त्या दिवशी का बोलले नाहीत, पायरीवर बसून का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी उठले असते. जात्यापुढे आडवी पडले असते. उंदरांचं उत्तर माझ्या जिभेवर होतं, वर्षभर घोटलेलं, आणि ते ऐकून या घरानं मला एका शब्दानं बोल लावला नसता.

"नाई राह्यली, अनसामाय," मी म्हटलं. "यायच्या तेरवीले रांधली. जातं फिरत होतं तवाच मले समजलं होतं. मी उठली नाई. मी बी खाल्ली."

सून चुलीकडे गेलीच नाही. तिला कळलं होतं की आता ती ज्वारी कुठल्याच घरी नाही. अनसामायचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो तिनं काढला नाही. तिनं वावराच्या बाजूला तोंड केलं, तिला तिकडचं काही दिसत नव्हतं तरी. मग तिनं माझ्याकडे मान वळवली.

"गोड होती का वं?"

"हाव," मी म्हटलं. "लय गोड होती."